रेघताईंची सकाळची पट्टी

हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. रक्तदाबाचे पट्टे, बोटाला लावायचे ऑक्सिजनचे चिमटे, नवजात बाळांच्या पेट्या, जे काही माणसाच्या अंगाला लागतं आणि आकडा किंवा रेघ दाखवतं, ते बिघडलं की मला हाक मारतात. अठरा वर्षांत माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. पण ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते, ती चूक नव्हतीच. एकाच मशीनची तक्रार तीनदा आली, तीनदा मी ते तपासलं आणि रजिस्टरात तीनदा लिहिलं, 'दोष नाही'. तिन्ही वेळा ते खरं होतं. आणि माझ्या त्या खरेपणापायी रेघताई जिवाला मुकल्या असत्या.

रेघताई म्हणजे आमच्याकडच्या ईसीजी काढणाऱ्या बाई. हजेरीपटावर त्यांचं नाव काय ते असेल, पण डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना रेघताईच म्हणायचे. रेघ स्वच्छ हवी, एका पातळीत हवी, तिला केस फुटलेले नकोत, यापायी त्यांनी भल्याभल्यांशी भांडणं केली होती. "रेघ सरळ हवी, पण फार सरळ नको," असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. नवीन पेशंट मात्र हसायचा नाही. त्याला तो विनोद कळायला दोन मिनिटं लागायची आणि कळला की तो आणखी घाबरायचा.

त्यांची खोली तळमजल्यावर, लिफ्टला लागून. एक पलंग, एक पडदा, चाकांच्या टेबलावर मशीन, खिडकीत ईसीजीच्या जेलीच्या रिकाम्या बाटलीत लावलेलं एक रोपटं. ही खोली देणाऱ्याच्या नावानं ताई बावीस वर्षं बोटं मोडत होत्या. कारण उघड होतं. हृदयाची जी वीज कातडीपर्यंत पोचते, ती टॉर्चमधल्या एका सेलच्या पंधराशेव्या भागाइतकी. एवढीशी वीज वायरीनं पकडायची, मशीननं मोठी करायची आणि कागदावर उतरवायची. आणि भिंतीपलीकडे लिफ्टची मोटर, डोक्यावर पंखा आणि ट्यूबलाइट, सगळे तिच्यापेक्षा हजारपट आवाजात गोंगाट घालणारे. लिफ्ट वर निघाली की ताई बटणावरचं बोट उचलायच्या आणि ती थांबेपर्यंत पेशंटला त्याच्या नातवंडांबद्दल विचारायच्या.

त्या काही शिकून या कामात आल्या नव्हत्या. तरुणपणी इथे चादरींच्या घड्या घालायला लागल्या. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर एकदा एका कुडकुडणाऱ्या पेशंटची ईसीजीची पट्टी काढताना वैतागले होते. पाच वेळा काढली, पाचही वेळा रेघ झाडूसारखी. चादर द्यायला आलेल्या ताईंनी काही न विचारता इस्त्रीची गरम चादर त्या माणसाच्या अंगावर टाकली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून बसल्या. सहावी पट्टी छापील चित्रासारखी आली. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून तू इकडे."

मी कामावर लागलो तेव्हा मला वाटायचं, मशीनमधलं ज्ञान माझ्याकडे, या बाई नुसत्या वायरी लावतात. महिन्याभरात माझा तोरा उतरला. एकदा रेघेवर बारीक, एकसारखे काटे येत होते. मी अर्थिंग तपासलं, प्लग बदलला, मशीन निम्मं उघडलं. ताई आल्या, पलंगाखाली वाकल्या आणि कुणीतरी चार्जिंगला लावलेला मोबाइल उपटला. रेघ सुतासारखी सरळ. "अरे पान्या," त्या म्हणाल्या, "आधी खोली बघावी, मग मशीन उघडावं." माझ्या खिशात कायम एक लहान पाना असतो, म्हणून मी पान्या. त्या दिवसापासून सगळ्या हॉस्पिटलचा पान्या झालो.

रेघेवर आलेली थरथर बघून त्या सांगायच्या, ही थंडीची, ही भीतीची, ही म्हातारपणाची. थंडीवर चादर, भीतीवर गप्पा आणि म्हातारपणाच्या थरथरीवर हात मांडीखाली दाबून धरायला सांगायच्या. आणि बटण दाबण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला: "काही होतंय का?" म्हणजे आत्ता, या घडीला, छातीत, पोटात, कुठेही. पेशंट जे सांगेल ते त्या पेन्सिलीनं पट्टीच्या डोक्यावर लिहायच्या. 'काही नाही' असेल तर तेही. नुसती रेघ अर्धीच असते, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांच्या सकाळच्या पट्टीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. रोज पावणेआठला त्या खोलीची कडी लावायच्या आणि दहाच्या दहा वायरी स्वतःला लावून स्वतःचा ईसीजी काढायच्या. हौस म्हणून नाही, मशीन तपासायला. आमच्या शिकवणीतला पहिला धडा बरोबर उलटा. माणसाला वायरी लावून मशीन तपासायचं नाही, माणूस भरवशाचा नसतो. त्यासाठी माझ्याकडे एक डबी आहे. ती नकली ठोके देते, रोज तेच, कधी न बदलणारे. ताईंना माझ्या डबीचा मनापासून तिटकारा होता. "तिला घाम नाही, श्वास नाही, भीती नाही. तिच्यावर सगळंच छान येतं," त्या म्हणायच्या. "आणि पेशंटांवरून मशीन कळत नाही, ते मुळात बिघडूनच आलेले असतात. मी कालही तीच, आजही तीच. मला लावलं की मशीन खरं बोलतं की खोटं ते कळतं."

त्या पट्टीवर त्या दोन गोष्टी बघायच्या. सुरुवातीला मशीन आपणहून एक चौकोन काढतं, तो बरोबर दहा बारीक घरं उंच आहे का. आणि रेघ स्वच्छ आहे का. बस. पेशंटच्या नावाच्या रकान्यात 'मशीन' असं लिहायचं, तारीख घालायची आणि पट्टी कपाटात. दर वर्षाचा एक गठ्ठा, बावीस वर्षांचे बावीस. मला कधी कधी वाटायचं, एवढं नेमानं तर माणूस आरशातही बघत नाही.

एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. "पान्या, तुझं मशीन टेकडीचा खड्डा करतंय."

हे नीट सांगतो. हृदयाचा प्रत्येक ठोका कागदावर तीन आकार काढतो. आधी एक छोटा उंचवटा, मग उंच सुळका, मग एक गोल, बुटकी टेकडी. ताईंच्या पट्टीत छातीवरच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वायरीला ती टेकडी दिसतच नव्हती. तिच्या जागी रेघ खाली वळून खड्डा करून वर येत होती. तसं मशीनमुळेही होऊ शकतं. गोंगाट अडवणाऱ्या आतल्या गाळण्या बिघडल्या की सुळक्यानंतरचा सगळा भाग वेडावाकडा येतो. ताईंना हे माहीत होतं, मीच कधीतरी शिकवलं होतं. त्यामुळे त्यांनी मशीनवर बोट ठेवलं यात नवल नव्हतं.

मी डबी लावली. टेकड्या एका ओळीत, जागच्या जागी. लिहिलं, 'दोष नाही'.

गुरुवारी पुन्हा फोन. या वेळी मी वायरींचा अख्खा जुडगा बदलला. डबी पुन्हा पास. ताई म्हणाल्या, "उद्या सकाळी बघू," आणि त्यांनी मशीनवर चादर टाकली, मेल्या माणसावर टाकतात तशी. "मला भरवसा येईपर्यंत यावर कुणाची पट्टी काढणार नाही. उद्या एखाद्याला धडधाकट असताना रोगी ठरवायचं का मी?"

झालं. त्या दिवसापासून ईसीजीचे पेशंट तातडीच्या वॉर्डात जायला लागले. तिथलं मशीन सगळ्यांच्या मधोमध, आडोसा नसलेलं. तिथे जाऊन ताईंनी स्वतःची पट्टी काढून बघायचा प्रश्नच नव्हता. वॉर्डातल्या सिस्टरांच्या नाकी नऊ आले, त्या माझ्या नावानं ओरडायला लागल्या. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "एक मशीन दुरुस्त होत नाही?" मी म्हटलं, "ते बिघडलेलंच नाही." ते म्हणाले, "मग बाई खोटं बोलतात?" मी आतून धुमसत होतो. खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की ताईंचं वय झालं, आता त्यांना नसलेले दोष दिसतात.

त्याच गुरुवारी आणखी एक गोष्ट झाली. ताईंचे यजमान शिंपी. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर त्यांचं दुकान. रोज दुपारी एक वाजता गळ्यात टेप तशीच लटकवून ताईंचा डबा घेऊन यायचे आणि बाहेरच्या बाकावर दोघं मिळून जेवायचे. मी वायरी गुंडाळून निघालो तर त्यांनी मला हळूच थांबवलं.

"मशीनचं चालू दे तुझं. पण हिला जरा समजाव. घरी दोन जिने चढायचे तर हल्ली मध्ये थांबते. म्हणते, पिशवी जड आहे. पिशवीत काय, तर चष्म्याचं घर आणि छत्री."

"काका, वय झालं आता," मी म्हटलं आणि हसलो. हे हसणं मला अजून ऐकू येतं.

तिसरी खेप पुढच्या मंगळवारी. पहिल्या खड्ड्यापासूनचा तो नववा दिवस. मी मशीन पूर्ण उघडलं, आतली सर्किटची पाटी साफ केली, प्रत्येक जोड दाबून पाहिला, गाळण्या एकेक करून तपासल्या. तीन तास गेले. डबी लावली. टेकड्या. ताईंनी मला घालवून कडी लावली आणि स्वतःची पट्टी काढली. दार उघडून पट्टी माझ्यासमोर धरली. खड्डे आता जास्त खोल होते.

"बघ. वाढलंय."

"ताई, मशीन ठीक आहे. मी लिहून देतो."

"तुझ्या लिहिण्याला काय चाटायचंय? खड्डा दिसतोय ना?"

"दिसतोय. पण डबीवर येत नाही."

"डबी, डबी! बावीस वर्षं मी तीच आहे. मी बदलले नाही, म्हणजे मशीन बदललं. साधा हिशेब आहे."

आमचे आवाज चढले होते. काका डबा घेऊन दारात कधी आले ते आम्हाला कळलं नाही. ते उंबऱ्यावरूनच हसत म्हणाले, "तुझं आमच्या गिऱ्हाइकांसारखं झालं गं. जुना सदरा घेऊन येतात आणि सांगतात, कपडा आटला. चाळीस वर्षांत मी सुटलो म्हणणारा एक भेटला नाही."

ताईही हसल्या. मी हसलो नाही. मला एकदम जिना आठवला, पिशवी आठवली. आणि मी अठरा वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. शर्ट काढला आणि पलंगावर आडवा झालो.

"लावा मला."

"तुला? अरे, तुम्हा लोकांचा नियम..."

"लावा म्हणतो ना."

त्यांनी लावल्या. वायरींच्या टोकाच्या गार चकत्या एकेक करून छातीवर बसल्या. त्यांचे हात नेहमीचे, उबदार, पण चौथी चकती लावून झाल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि एक लांब श्वास घेतला. "हात सैल सोड. काही होतंय का?" सवयीनं त्यांनी विचारलं. मला बरंच काही होत होतं, पण मी 'नाही' म्हटलं. लिफ्ट थांबली, बटण दाबलं गेलं, कागद सरकला.

ताईंनी माझी पट्टी फाडली आणि आपल्या पट्टीशेजारी टेबलावर ठेवली. चौकोन दोन्हींत दहा घरांचे. रेघ दोन्हींत स्वच्छ. माझ्या सगळ्या टेकड्या उभ्या होत्या. दुसऱ्या वायरीला, तिसऱ्या, चौथ्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि पुन्हा पाहिलं. हजारो लोकांच्या पट्ट्या हातावेगळ्या केलेली ती बाई. दुसऱ्या कुणाची असती तर पहिल्याच दिवशी ती पट्टी घेऊन जिना चढून डॉक्टरांकडे धावली असती.

"म्हणजे मशीन बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

काकांना अजून काही कळलं नव्हतं, ते डबा हातात धरून एकदा ताईंकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. ताईंनी टेबल नीट लावलं, मशीनवर घालायची चादर घडी करून बाजूला ठेवली. "बाहेर किती जण आहेत बघ रे. आता इथेच काढते सगळ्यांच्या. उगाच इतके दिवस लोकांना हेलपाटे."

"ताई, पलंगावर पडा," मी म्हटलं.

"पेशंट आहेत."

"पडा म्हणतो ना!" असा आवाज मी त्यांच्यावर कधी काढला नव्हता. पण त्या पडल्या त्या माझ्या ओरडण्यानं नव्हे. काकांनी डबा खाली ठेवला, त्यांच्या दंडाला धरलं आणि नुसतं "चल" म्हटलं, तेव्हा पडल्या.

मी ताईंची पट्टी घेऊन वर पळालो. लिफ्टची वाट बघायचं भान नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. "कोण आहे हा पेशंट? नावाच्या जागी 'मशीन' काय लिहिलंय?"

"आमच्या रेघताई आहेत."

"कधीपासून असं आहे?"

"नऊ दिवस. त्या म्हणत होत्या मशीन बिघडलंय. आणि मी म्हणत होतो, मशीन ठीक आहे."

डॉक्टर उठून चालायलाच लागले. जिन्यातच त्यांनी सांगितलं, हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बुजत आली की असे खड्डे पडतात. आणि पडतात तेही दुखत नसताना, माणूस आरामात बसून जेवत असताना. मग एक दिवस वाहिनी पूर्ण बुजते आणि वेळ राहत नाही. खाली आल्यावर त्यांनी ताईंना विचारलं, छातीत कधी दडपल्यासारखं झालं होतं का? ताई म्हणाल्या, दोन-तीनदा, जिन्यात. पित्त असेल वाटलं. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्याच दुपारी त्यांना आत नेलं. हातातल्या नसेतून बारीक नळी घालून वाहिनी उघडायची होती. आतल्या मॉनिटरचा एक आकडा जागचा हलत नव्हता म्हणून मला बोलावलं होतं, नाहीतर मला तिथे कोण उभं करतंय? तिथला टेक्निशियन घाईघाईनं चकत्या लावत होता आणि टेबलावर आडव्या पडलेल्या ताई छताकडे बघत म्हणाल्या, "उजव्या हाताची डाव्याला लावलीस बाळा. सगळं उलटं येईल." खरंच उलटं लावलं होतं. डॉक्टर मास्कमधून हसले. मी आकडा जागेवर आणला आणि बाहेर येऊन काकांच्या शेजारी बसलो. त्यांनी गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. तास-दीड तासानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झालं, वाहिनी उघडली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. काका मात्र रडले, मोठ्यानं, कुणाचीही पर्वा न करता.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून गेलो होतो. ताईंनी ती ऐकूनच घेतली नाहीत.

"रजिस्टरात काय लिहिलंस शेवटी?"

"'दोष नाही'."

"मग बरोबर लिहिलंस की. तोंड का पाडून बसलायस?"

"ताई, मी तीन वेळा आलो. मशीनला सगळं विचारलं. तुम्हाला एकदाही काही विचारलं नाही."

"मी तरी कुठे विचारलं?" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं रोज सकाळी चौकोन बघितला. रेघ कुणाची आहे हे डोक्यातच आलं नाही." मग त्यांनी कूस बदलली आणि रोपट्याला पाणी घालायला सांगितलं.

दीड महिन्यानं त्या कामावर परतल्या. जिना न थांबता चढतात, काका पिशवी धरायला मागे असतात ते वेगळं. पहिल्या दिवशी पावणेआठला मी डबी घेऊन त्यांच्या खोलीशी गेलो. दोघांनी मिळून ठरवलं होतं, आधी डबी, मग ताई. डबीचं झालं. ताईंनी पडदा ओढला. मी पलीकडे उभा. चकत्यांचे कागद सोलल्याचा आवाज आला, एक, दोन, दहा. लिफ्ट चालू झाली, थांबली.

"ताई," मी पडद्याबाहेरून विचारलं, "काही होतंय का?"

आत पलंग करकरला.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला होता. "पण विचारत जा रे."

कागद सरकला. थोड्या वेळानं पडद्याच्या फटीतून हात आला आणि पट्टी माझ्या हातात पडली. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'काही नाही'. आणि नावाच्या रकान्यात, जिथे बावीस वर्षं 'मशीन' असायचं, तिथे बारीक अक्षरात, 'मी'.

मी आधी टेकड्या बघितल्या. चौकोन नंतर.